आयुष्यात एकच कार्निव्हल बघायचा, तर कुठला?

आगरकन्या
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. आम्ही दोघं गुहागर तालुक्यातले. नारळ-सुपारीचं आगर आहे, थोडी हापूसची कलमं आहेत. मुलगा नोकरीला लागलाय. गाठीला चार पैसे आहेत आणि मागे घाई नाही, असं पहिल्यांदाच झालंय. ठरवलंय की एकदा परदेशात जायचं आणि तेही कार्निव्हलसाठीच. गोव्याचा दोनदा पाहून झाला.

एक अट आहे. मला खुर्चीवर बसून बघायचं नाही. लहानपणी सगळा शिमगा मी ओटीवरून पाहिला. पालखी अंगणात यायची, आजी खांदेकऱ्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घालायची, त्यांच्या टाचांची लाल माती ओघळून पायरीपर्यंत यायची आणि मी आरतीचं ताट धरून उभी. पालखीला खांदा द्यावा असं फार वाटायचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत बायकांनी पालखी नाचवली, तेव्हा मीही खांदा दिला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर निळा वळ उठला होता आणि मी तो येईल-जाईल त्याला दाखवत होते.

तर असा कार्निव्हल सांगा, जिथे बाहेरून आलेलं माणूस आत शिरू शकतं. आमचे हे पालखीपुढे ताशा वाजवतात, तेव्हा वाद्यं जिवंत हवीत. वय माझं ४९, यांचं ५४. चालायची सवय भरपूर आहे.

रानमोगरा
रिओ! यात विचारायचं काय?

सहाणेवरचा
ताई, राग मानू नका, पण कार्निव्हल आणि शिमगा एकाच हंगामात येतात. देव घराला येणार आणि घरची लक्ष्मी ब्राझीलला? आमच्याकडे मुंबईचे चाकरमानी गणपतीला एक वेळ नाही आले तरी शिमग्याला येतात. यंदा माझ्या चुलतभावाला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, तर टेम्पोत बसून आला.

आगरकन्या
दादा, हीच धाकधूक आहे. सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला.

जहाजी_दाभोळ
वहिनी, मी २६ वर्षं बोटीवर होतो. ठरवून एकही कार्निव्हल पाहिला नाही, पण बंदरात सापडले ते पाहिले. त्यातले दोन सांगतो.

पहिला ब्राझीलमधल्या साल्वादोरचा. रिओचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, साल्वादोरचं कमी. तिथे मिरवणूक रस्त्यावरच असते. मोठ्या ट्रकवर गवई आणि कर्णे, त्याला ‘त्रिओ एलेत्रिको’ म्हणतात. १९५० साली दोन मित्रांनी एका जुन्या मोटारीवर वाद्यं चढवली, तिथून ही रीत पडली. ट्रकच्या मागून लाखो लोक नाचत जातात. पण माझ्या डोळ्यांत राहिलं ते वेगळंच. रस्त्याच्या टोकाकडून पांढराशुभ्र लोंढा येताना दिसला. हजारो पुरुष, पांढरे अंगरखे, डोक्याला पांढरे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. शेजारच्याला विचारलं तर म्हणाला, ‘फिल्योस दे गांधी’. गांधींची लेकरं! साल्वादोरच्या गोदीतल्या हमालांनी १९४९ साली, गांधीजी गेल्यानंतर वर्षभराने, ही मंडळी उभी केली. गोदी कामगारच ते, मिठाची पोती उचलणाऱ्या आपल्या माणसांसारखे. फेटा म्हणजे साधा टॉवेल असतो, डोक्यावर गुंडाळून तिथल्या तिथे सुईदोऱ्याने टाचतात. जाता-येता लोकांच्या अंगावर लव्हेंडरचं सुगंधी पाणी शिंपडतात. एकाने माझ्या मनगटावर शिंपडलं, मी म्हटलं ‘इंडिया’, त्यासरशी त्याने गळ्यातली माळ काढून माझ्या गळ्यात घातली. ती आजही देव्हाऱ्याशेजारी खुंटीला आहे.

पण वहिनी, त्यांच्या रांगेत फक्त पुरुष चालतात. तुमच्या अटीत हे बसत नाही, म्हणून आधीच सांगितलं. आणि खिसे सांभाळायचे. त्याच संध्याकाळी माझं घड्याळ गेलं.

दुसरा डंकर्कचा. तो उद्या लिहितो, नातू लॅपटॉप मागतोय.

कुडाळचो_झिल
जहाजीकाका, ह्या माका म्हायतच नव्हता. अंगावर काटो इलो.

मांडवीकाठ
गोव्याबद्दल दोन शब्द, कारण ‘पाहून झाला’ वाचून मन खट्टू झालं. ताई, तुम्ही पणजीतले किंवा मडगावातले चित्ररथ पाहिले असणार. चित्ररथांची ती मिरवणूक १९६५ साली सुरू झाली. किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, येतो, खा-प्या-मजा करा म्हणून फर्मान काढतो आणि चार दिवस राज्य करतो. आता त्यात जाहिरातीच फार. पण आमचा खरा ‘इंत्रूज’, म्हणजे कार्निव्हल, गावात असतो. माझे वडील सांगत, मैद्याच्या कागदी पुड्या एकमेकांवर फेकायचे, रंगाचं पाणी उडवायचे, घरच्या जिन्यावर कोण दबा धरून बसलंय ते कळायचं नाही. साष्टी तालुक्यात अजून खेळ करणाऱ्या मंडळ्या वाड्यावाड्यांतून हिंडतात. चांदरला मुसळ घेऊन नाच होतो. ख्रिस्ती गावकरी करतात आणि धर्म बदलण्याआधीची आठवण त्यात जपलेली आहे. पुढच्या खेपेला पणजी सोडून आत या. उतरायला आमचं घर आहे.

आगरकन्या
मुसळाचं माहीत नव्हतं. नक्की येईन. चित्ररथच पाहिले होते, बरोबर ओळखलंत.

लांजेकरीण
मी व्हेनिसला गेले होते. मुखवटे अप्रतिम. कागदाच्या लगद्याचे, वर सोन्याचा वर्ख. चोचीचा मुखवटा प्लेगच्या डॉक्टरचा, आणि ‘बाउता’ नावाचा हनुवटी पुढे आलेला पांढरा मुखवटा असा बनवलाय की तो न काढता खाता-पिता येतं. शहर परक्यांच्या ताब्यात गेलं तसा १७९७ नंतर कार्निव्हल मोडला आणि १९७९ साली पुन्हा सुरू झाला. पण नाचायला, गायला म्हणाल तर काही नाही. लोक पोशाख करून उभे राहतात आणि बाकीचे फोटो काढतात. शिवाय आम्ही ठरवलेल्या खोलीवाल्याने ऐन वेळी बुकिंग रद्द करून जास्त भाड्याने दुसऱ्याला दिली. मुक्काम पार मेस्त्रेला, तिथून रोज आगगाडीने जा-ये. ताईंनी व्हेनिसला जरूर जावं, पण कार्निव्हल सोडून कधीही.

रानमोगरा
रिओबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मीच लिहिते. ‘खुर्चीवर बसून’ ही अट रिओतही पाळता येते. सांबाद्रोम म्हणजे दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेला सुमारे ७०० मीटरचा रस्ता. वास्तुकार ऑस्कर निमायर यांनी आखला, १९८४ साली उघडला. सांबा या तिथल्या नाचाच्या ‘शाळा’ म्हणतात, पण त्या खरं तर वस्त्यांची मंडळं आहेत. मांगेइरा १९२८ सालची, हिरवा-गुलाबी रंग तिचा. दरवर्षी एक विषय घेऊन गाणं, पोशाख, रथ सगळं नव्याने करायचं. परीक्षक गुण देतात, राखेच्या बुधवारी, म्हणजे कार्निव्हल संपून ईस्टरआधीचा उपास सुरू होतो त्या दिवशी, निकाल लागतो आणि खालच्या शाळेला पुढच्या वर्षी खालच्या गटात जावं लागतं. शाळेकडून पोशाख विकत घेऊन बाहेरच्या माणसालाही त्यांच्या तुकडीत नाचता येतं. गाणं मात्र पाठ हवं, नाहीतर शेजारचे डोळे वटारतात. आणि ढोलांचं म्हणाल तर एकेका शाळेचे अडीचशे-तीनशे वादक असतात.

सहाणेवरचा
आता हे ऐकून वाटतंय की आपल्या नमन-खेळ्यांच्या मंडळांनाही असे गुण द्यायला हवेत.

गावकर_नं_१
नको दादा. गुण आले की भांडणं आली. मान कुणाचा यावरूनच पालखी दोन-दोन तास सहाणेवर, म्हणजे ती बसते त्या जागी, अडते.

कुडाळचो_झिल
मी ऑलिंडाचे फोटो बघितलेत. रेसिफे शहराच्या शेजारचं गाव. तिथे कार्निव्हलला राक्षसी मोठे बाहुले नाचवतात, आत माणूस, वर दोन-तीन माणसांएवढी उंची, चढाच्या फरसबंद गल्ल्यांतून. बघितल्याबरोबर म्हटलं, ह्या तर आमच्या नेरुरचा! आमच्याकडे शिमग्यात रोंबाट निघतं, वाडीवाडीतून मोठाले देखावे आणि सोंगं मांडावर येतात. सुतार, रंगारी, वायरमन सगळे महिनाभर रात्री जागून करतात. त्यांच्याकडे ‘फ्रेवो’ म्हणून उड्या मारत, हातात छोटी रंगीत छत्री घेऊन करायचा नाच आहे, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेला. आगरकन्याताई, जावा खंयही, पण एकदा नेरुराक येवा.

जहाजी_दाभोळ
डंकर्क. उत्तर फ्रान्स, अगदी बेल्जियमला लागून. आमची बोट दुरुस्तीला होती. फेब्रुवारीतली थंडी, वाऱ्याने डोळ्यांत पाणी. या गावचे कोळी पूर्वी सहा-सहा महिने आइसलँडच्या समुद्रात कॉड मारायला जायचे. जाण्यापूर्वी बोटमालक त्यांना जेवण द्यायचे. परत कोण येईल, कोण नाही, ठाऊक नसायचं. त्या जेवणातून हा उत्सव आला. बासरी आणि ढोल पुढे, मागे माणसं हातात हात गुंफून ओळीने चालतात. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंड रंगवून, लांब दांड्याच्या छत्र्या घेऊन. म्हणजे गावभर आपल्या शिमग्यातल्या गोमूच गोमू! नगराध्यक्ष नगरपालिकेच्या सज्जातून खाली हेरिंग मासे फेकतो आणि हजारो लोक झेलायला हात वर करतात. शेवटी चौकात सगळे गुडघ्यावर बसून जाँ बार या आपल्या जुन्या दर्यावर्दीचं गाणं म्हणतात. मी उभा होतो, एका आजोबांनी खांद्याला धरून खाली बसवलं.

तिथे तिकीट नाही, पोशाखाची सक्ती नाही. ओळीत हात दिला की आत.

लांजेकरीण
हेरिंग म्हणजे आपली तारली का हो?

जहाजी_दाभोळ
त्याच गोतातला. तिथे धुरी दिलेला असतो, गुंडाळून फेकतात.

गावकर_नं_१
सज्जातून बांगडे फेकले असते तर मी आजच निघालो असतो.

देवरुखचा_जावई
मी नोकरीनिमित्त चार वर्षं बाझेलला होतो, स्वित्झर्लंडमध्ये. तिथला फास्नाख्त सगळ्यांपेक्षा वेगळा. बाकीचे राखेच्या बुधवारी संपतात, हा त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतो. पहाटे चारला. मी पहिल्या वर्षी साडेतीनला जाऊन गल्लीत उभा राहिलो. हजारो माणसं, पण आवाज दबलेला. चाराचे टोले पडायला लागले आणि जुन्या शहरातले सगळे दिवे एकदम गेले. रस्त्याचे, दुकानांचे, सगळे. पूर्ण काळोख. मग कुणीतरी हुकूम दिला आणि चहूबाजूंनी एकाच वेळी ढोल आणि बारक्या बासऱ्या सुरू झाल्या. अंधारातून माणसापेक्षा उंच, आतून उजळलेले रंगवलेले कंदील हलत यायला लागले. माझ्या पोटात ढोल वाजत होता म्हणा ना. शिमग्यातल्या होमाच्या रात्री माडांच्या काळोखातून पेटत्या चुड्या येताना दिसतात, तसं वाटलं आणि घरची फार आठवण आली.

बरोबर ७२ तास चालतो. कंदिलांवर वर्षभरातल्या पुढाऱ्यांची, घोटाळ्यांची चित्रं. रात्री खानावळींत मुखवटे घातलेले गवई येऊन त्यांच्या बोलीत टोमण्यांची कवनं म्हणतात. आपल्या शिमग्यातल्या बोंबेला तिथे यमक आहे इतकंच. पहाटे भाजलेल्या पिठाचं सूप पितात, चव आपल्या कुळथाच्या पिठीच्या जवळ जाते.

पण खरं सांगतो ताई, तिथे प्रेक्षकाने पोशाख करायचा नसतो. बिल्ला विकत घेऊन छातीला लावायचा आणि बघायचं. वाजवणारे वर्षानुवर्षं तालीम केलेले असतात. तुमच्या अटीला उतरत नाही.

रानमोगरा
बेल्जियमच्या बाँशचंही तेच. मंगळवारी तिथले ‘जिल’ शहामृगाच्या पिसांच्या भल्यामोठ्या टोप्या घालून संत्री वाटतात, फेकतात. पण जिल व्हायचं तर त्याच गावचा पुरुष हवा.

सहाणेवरचा
यात मला काही चूक वाटत नाही. आपल्या पालखीला तरी कोण वाटेल त्याला हात लावू देतं? मान असतो, रीत असते. देवाचं आहे ते, तमाशा नव्हे.

आगरकन्या
दादा, मान आणि रीत मलाही हवी. पण ४६ वर्षं मी ताट धरून उभी होते, तेव्हाही ‘रीत’ हेच कारण होतं. मानकऱ्यांनीच एके वर्षी म्हटलं की बायकांनीही नाचवावी, आणि देव काही रागावला नाही. त्या दिवशी सासूबाई रडल्या. ७६ वर्षांच्या आहेत, त्यांनी नुसता पालखीच्या दांड्याला हात लावला.

सहाणेवरचा
ताई, हे वाचून गप्प झालो. आमच्या गावात अजून नाही झालं. बैठकीत विषय काढतो.

बोरीची_माय
बोलिव्हियातलं ओरुरो राहिलं. खाणकामगारांचं गाव, ३७०० मीटर उंचीवर. सैतानाची शिंगं, बाहेर आलेले डोळे असे मुखवटे घालून हजारो जण नाचत देवमातेच्या देवळापर्यंत जातात आणि दारातून पुढे गुडघ्यांवर सरकतात. नवस असतो, तीन वर्षं नाचेन असा बोललेला. आपला शिमग्यातला काळा संकासूर देवीपुढे लोटांगण घालतो तसंच हे मला वाटलं. पण एवढ्या उंचीवर श्वास लागतो, पन्नाशीत विचार करून जा.

जुनं_पंचांग
सुरुवातीचा शिमगा चुकण्याचा मुद्दा तसाच राहिलाय, तो सोडवतो. ईस्टर हा २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार त्याच्या ४७ दिवस आधी. पौर्णिमेपासून मागे दीड चांद्रमास म्हणजे अमावास्या. म्हणून कार्निव्हल कायम अमावास्येच्या आसपास येतो आणि आपली होळी पौर्णिमेची. दोन्ही एका दिवशी येणं शक्यच नाही. अंतर कधी पंधरवड्याहूनही कमी, कधी सव्वा महिन्याहून जास्त. २०२६ साली मंगळवार १७ फेब्रुवारीला आणि होळी मार्चच्या सुरुवातीला. २०२७ साली मंगळवार ९ फेब्रुवारीला आणि फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चला. तेरसे (त्रयोदशीचे) शिमगे असोत की भद्रेचे (पौर्णिमेचे), साडेपाच-सहा आठवडे हातात आहेत. खुशाल जा.

आगरकन्या
काका, हे मी छापून सासूबाईंना वाचून दाखवते.

हळदीपान
धागा उशिरा पाहिला. मी रत्नागिरीची, परिचारिका म्हणून सहा वर्षं त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये होते. ताई, तुमचा प्रश्न वाचून पहिलं हेच मनात आलं, की यांना त्रिनिदादलाच जायला हवं.

तिथे ‘कार्निव्हल बघितलास का’ असं विचारत नाहीत. ‘मास खेळलीस का’ विचारतात. मास म्हणजे मास्करेड, सोंग. आपण खेळे म्हणतो, शिमगा खेळतो म्हणतो, तसंच. एखाद्या जथ्यात नाव नोंदवायचं, त्यांचा पोशाख घ्यायचा आणि सोमवार-मंगळवार दोन दिवस त्यांच्याबरोबर रस्त्यावर नाचत चालायचं. पोशाखाला काही शे अमेरिकन डॉलर पडतात, त्यात बहुधा खाणंपिणं येतं. आणि खेळणाऱ्यांत बायकाच जास्त! साठीच्या, सत्तरीच्या, भरल्या अंगाच्या, कुणाला कसला संकोच नाही. पहिल्या वर्षी मी कडेला उभी होते. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरने ओढून नेलं.

पण खरी सुरुवात ‘जूव्हे’ने होते. सोमवारी पहाटे चार वाजता काळोखात. अंगाला चिखल, रंग, तेल फासून माणसं निघतात. थंडगार चिखल मानेवरून पाठीत उतरतो तेव्हा पहिल्यांदा किंचाळायला होतं. अर्ध्या तासाने सगळे एकसारखे दिसायला लागतात, डॉक्टर कोण, सफाईवाला कोण कळत नाही. उजाडताना चिखल सुकून चामडी ताणली जाते. सगळी धुळवडच.

यामागे मोठं दुःख आहे. फ्रेंच मळेवाले मुखवट्यांचे नाच करायचे, गुलामांना त्यात जागा नव्हती. मुक्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा उत्सव रस्त्यावर आणला. १८८१ साली पोलिसांनी मशालींची मिरवणूक अडवली तेव्हा लोक लढले. पुढे ढोलांवर बंदी आली, तर त्यांनी बांबू आपटून ताल धरला, मग डबे, आणि शेवटी तेलाची पिंपं ठोकून त्यातून सूर काढले. तेच स्टीलपॅन. कार्निव्हलआधी त्यांच्या वाद्यवृंदांची स्पर्धा असते, पॅनोरामा. सरावाच्या अंगणात रात्री कुणीही जाऊन उभं राहू शकतं. शंभर माणसं एकदम पिंपं वाजवतात आणि एकही सूर चुकत नाही.

आणि आता तुमच्या यजमानांसाठी. १८४५ ते १९१७ या काळात १ लाख ४० हजारांहून अधिक लोक भारतातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे. त्यांनी वाद्य नेलं, त्याचं नाव तिथे आजही ‘तासा’. गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजवतात, जोडीला मोठा ढोल आणि झांज. लग्नांत, ‘होसे’ म्हणजे मोहरमला. वाजवण्याआधी कडेला जाळ करून कातडं शेकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच रस्त्यावर बसले. माझे आजोबा पालखी निघण्याआधी पेंढा पेटवून असाच ताशा तापवायचे, बोटाने टिचकी मारून कान लावायचे. होळीला तिथे फगवा म्हणतात आणि चौताल नावाची होळीची गाणी गातात.

लांजेकरीण
रडवलंत हळदीपानताई.

आगरकन्या
सगळं मोठ्याने वाचलं. हे पडवीत ताशा दुरुस्त करत होते, ‘तासा’ शब्दाला हात थांबला. म्हणाले, काठ्या बरोबर घेतो.

जहाजी_दाभोळ
वहिनी, कामाचं सांगतो. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो, म्हणून तारखा आधी बघा. दुसरं, पिवळ्या तापाची लस. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टला जोडून ठेवा. त्रिनिदादहून परतताना आपल्या विमानतळावर तो मागतात. नसेल तर अलग ठेवतात, आमचा एक मेस्त्री तसा अडकला होता.

हळदीपान
आणि खोली आत्ताच बघा, आठ-नऊ महिने आधी सगळं भरतं. सकाळी डबल्स खा, हळदीच्या दोन मऊ वड्यांत छोले. बिनतिखटाचं मागा, तिथली मिरची आपल्या लवंगीला ऐकत नाही. जूव्हेला जुने कपडे, जुने बूट. ते परत आणू नका.

कुडाळचो_झिल
तर मंडळी, गाऱ्हाणा घालतंय. बा देवा म्हाराजा, आज ह्या आमच्या आगरकन्याताय आणि तिचो घोव सातासमुद्रापलीकडे खेळाक चललेत म्हाराजा…

गावकर_नं_१
व्हय म्हाराजा!

कुडाळचो_झिल
तेंका वाटेत काय इडापीडा आसात, व्हिसाची, इमानाची, तर ती दूर कर म्हाराजा. आणि शिमग्याआधी सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!

सहाणेवरचा
व्हय म्हाराजा!

जहाजी_दाभोळ
व्हय म्हाराजा!

आगरकन्या
व्हय म्हाराजा! पासपोर्टचे अर्ज काल भरले. सासूबाईंना पंचांगकाकांचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग म्हणाल्या, ‘नऊ फेब्रुवारी म्हणजे अमावास्येच्या आसपास. बरं. पालखी येईल तेव्हा पायांवर पाणी मीच घालीन, तू खांद्याला लाग.’